मिडास राजाची वंशावळ आणि त्याच्या लोकांचं स्थलांतर कार्डशीटवर कसं मांडायचं

२०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मराठवाड्यात वंशावळ हा शब्द गावोगावच्या पारावर आला. निजामकाळातली उर्दू-मोडी कागदपत्रं धुंडाळताना एक गोष्ट लोकांच्या अंगवळणी पडली: नाव जुळलं म्हणून नातं जुळत नाही. नोंदीत मारुती सापडतो, पण तो आपला मारुती की शेजारच्या भावकीतला, हे बापाचं नाव आणि गट नंबर पाहिल्याशिवाय ठरत नाही. हीच शिस्त जरा दूर नेऊ. प्राचीन अनातोलियातला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, फ्रिजियाचा राजा मिडास. त्याची सोन्याच्या स्पर्शाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्याच्या बापाचं नाव, त्याच्या लोकांचा मूळ मुलूख आणि त्याच नावाचे निदान तीन राजे, हे फारसं कोणी मांडत नाही. शाळेच्या प्रदर्शनासाठी किंवा गावच्या वाचनालयाच्या भिंतीसाठी हा तक्ता उत्तम होतो. दोघांनी मिळून केला तर दोन रविवार पुरतात.

सामान थोडं लागतं. २२ × २८ इंचांच्या दोन कार्डशीट, एक वंशावळीला आणि एक नकाशाला. साधारण तीस चिठ्ठ्या, ३ × ५ इंचांच्या; लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून घेतल्या तरी चालतात, उलट जाड असल्यामुळे हाताळायला बऱ्या. काळा, निळा आणि लाल बॉलपेन, पेन्सिल, खोडरबर, ट्रेसिंग पेपर आणि ६० सेंटिमीटरची पट्टी. मार्कर वापरू नका. कार्डशीटवर त्याची शाई पसरते, तुटक रेघेतल्या फटी भरून जातात आणि ती रेघ अखंड दिसू लागते. या तक्त्यात तुटक आणि अखंड हाच सगळा मुद्दा आहे.

आधी चिठ्ठ्या, मग रेघा

कार्डशीटला लगेच हात लावायचा नाही. प्रत्येक दावा वेगळ्या चिठ्ठीवर उतरवायचा आणि चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहायच्या: कोण, कोणाशी काय नातं, हे कोण सांगतो, तो केव्हा लिहितो, आणि घटनेनंतर किती वर्षांनी. पाचवी गोष्ट लोक हमखास गाळतात, आणि खरी किंमत तिचीच असते.

ती काढण्याची रीत अशी. घटना आणि लेखक दोन्ही इसवी सनापूर्वीचे असतील तर साधी वजाबाकी. मिडास इ.स.पू. ७०९ मध्ये हयात होता, ग्रीक इतिहासकार हेरोडोटस इ.स.पू. ४३० च्या सुमारास लिहितो, म्हणजे अंतर २७९ वर्षांचं. लेखक इसवी सनानंतरचा असेल तर बेरीज करून एक वजा करायचा, कारण मध्ये शून्य साल नाही. सिकंदराचा इतिहास लिहिणारा अरियन दुसऱ्या शतकातला, हिशेबाला इ.स. १५० धरा: ७०९ + १५० - १ = ८५८ वर्षं. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर देवगिरीचे यादव घ्या. त्यांचा मूळ पुरुष दृढप्रहार नवव्या शतकातला आणि त्याची वंशावळ सांगणारी हेमाद्रीच्या व्रतखंडातली प्रशस्ती तेराव्या शतकातली, म्हणजे अंतर चारशे वर्षांचं. अरियन आपल्या राजापासून त्याच्या दुपटीहून लांब बसला आहे.

आता दावे. हा भाग सावकाश करा, कारण पुढचं सगळं यावरच उभं राहतं.

पहिला गठ्ठा समकालीनांचा. असीरियाच्या, म्हणजे आजच्या उत्तर इराकातल्या साम्राज्याच्या, सार्गोन दुसरा या राजाच्या लेखांत 'मुश्कीचा राजा मिता' येतो; अभ्यासकांच्या मते हाच आपला मिडास, आणि मुश्की हे असीरियनांनी त्याच्या लोकांना दिलेलं नाव. इ.स.पू. ७१७ मध्ये युफ्रेटिसकाठच्या कार्केमिश नगराच्या पिसिरी राजाने त्याच्याशी संधान बांधलं आणि त्यापायी सार्गोनने कार्केमिश खालसा केलं. ७१५ मध्ये क्वे या मुलखातल्या, म्हणजे आजच्या अदानाच्या परिसरातल्या, किल्ल्यांवरून झटापट झाली. ७०९ मध्ये मिताने दूत पाठवून सलोखा केला. निमरूदला, असीरियाच्या जुन्या राजधानीत, सापडलेलं सार्गोनचं एक पत्र याच सलोख्याचं आहे: क्वेच्या उरिक राजाने वान सरोवराभोवतीच्या उरार्तू राज्याकडे पाठवलेली चौदा माणसं मिताने धरून असीरियन सुभेदाराच्या हवाली केली. दंतकथेतला राजा इथे चौदा माणसांचा हिशेब चुकता करताना दिसतो. ही चिठ्ठी जपून ठेवा, प्रदर्शनात सगळ्यात जास्त माणसं हिच्यापाशी थांबतात.

याच गठ्ठ्याच्या शेजारी एस्किशेहिर प्रांतातल्या यझिलिकाया इथला खडकात कोरलेला दर्शनी भाग येतो. सुमारे १७ मीटर उंच, देवळाच्या दर्शनी भिंतीसारखा, मध्ये देवीच्या मूर्तीसाठी कोनाडा. वर जुन्या फ्रिजियन लिपीत लेख आहे: आतेस नावाच्या माणसाने हे मिडासला, 'लावागताएई वानाक्तेई', म्हणजे लोकांच्या नायकाला आणि राजाला, अर्पण केलं. मिडास हे नाव त्याच्याच लोकांच्या भाषेत आणि लिपीत इथे वाचायला मिळतं. यझिलिकायाला थडगं म्हणण्याची चूक जुनी आहे, तक्त्यावर ती करू नका.

दुसरा गठ्ठा हेरोडोटसचा. गोर्डियासचा मुलगा मिडास याने ज्या सिंहासनावर बसून न्याय दिला ते डेल्फीला, ग्रीसमधल्या अपोलोच्या देवस्थानाला, वाहिलं, असं तो सांगतो. मॅसिडोनियात बेर्मिओन डोंगराच्या पायथ्याशी 'गोर्डियासपुत्र मिडासच्या बागा' आहेत, तिथले गुलाब साठ पाकळ्यांचे, हेही त्याचंच. आणि पश्चिम अनातोलियातल्या लिडियाचा राजा क्रीसस याच्या दरबारी आलेला अद्रास्तोस स्वतःला गोर्डियासचा मुलगा आणि मिडासचा नातू म्हणवतो. या तीन चिठ्ठ्या वेगळ्याच ठेवा. एकाच लेखकाच्या असल्या तरी त्यांतला मिडास एकच आहे असं धरून चालायचं नाही.

तिसरा गठ्ठा उशिराच्या ग्रीक-रोमन लेखकांचा, आणि इथे गोंधळ सुरू होतो. अरियन म्हणतो, गोर्डियास गरीब शेतकरी होता, दोन बैलजोड्यांचा धनी, एक नांगराला आणि एक गाडीला. नांगरताना गरुड जुवावर येऊन बसला आणि बैल सोडेपर्यंत हलला नाही. तो शकुन विचारायला तेल्मेसोसच्या जाणकारांकडे निघाला, वाटेत पाणी भरणारी त्याच घराण्यातली मुलगी भेटली, तिच्याशी लग्न झालं आणि मिडास जन्मला. पुढे फ्रिजियात दुही माजली, गाडीतून राजा येईल अशी देववाणी झाली आणि मिडास आईबापांसह गाडीतून आला. लोकांनी मिडासला राजा केलं. जस्टिन हीच गोष्ट सांगतो, पण त्याच्याकडे राजा होतो गोर्डियास, आणि मिडास बापामागून गादीवर येतो. फरक लहान वाटतो, पण वंशावळीत तो घराण्याचा मूळ पुरुषच बदलतो.

आईच्या बाबतीतही तसंच. अरियनकडे ती तेल्मेसोसची मुलगी, हिजिनसकडे किबेली देवी. प्लुटार्क सांगतो की रोमन लोक जिला 'भली देवी' म्हणत, ती मिडासची आई असल्याचा फ्रिजियनांचा दावा होता. आईकडून ओळख सांगणं पैठणच्या सातवाहनांमुळे आपल्याला परकं नाही, गौतमीपुत्र आणि वासिष्ठीपुत्र आहेतच. पण गौतमी ही माणूस, लेखांतून बोलणारी राणी, किबेली देवी. दोन्ही चिठ्ठ्या ठेवा, फक्त एका रंगात रंगवू नका.

बायको किमे या एजियन किनाऱ्यावरच्या ग्रीक नगराची. एका परंपरेत तिचं नाव हर्मोडिके, दुसरीत डेमोडिके, बाप किमेचा राजा अगामेम्नोन. इथे मुलं लगेच ट्रॉयच्या युद्धातला अगामेम्नोन जोडतात. तो मायसिनीचा, हा किमेचा. नावापुढे गावाचं नाव लिहिल्याशिवाय चिठ्ठी पक्की धरू नका. शिवाय हर्मोडिकेने किमेसाठी पहिलं नाणं पाडलं असंही सांगतात. नाणी इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात येतात आणि ७०९ चा मिता त्याच्या दोन-तीन पिढ्या आधीचा. चिठ्ठीच्या कोपऱ्यात लाल टिंब द्या: काळ जुळत नाही.

मुलं दोन. केलाइनाईला प्रवाशांशी कापणीची पैज लावून हरलेल्याचं डोकं उडवणारा लितिएर्सेस, आणि त्याच गावात जमीन दुभंगली तेव्हा घोड्यासकट त्या भेगेत उडी घेणारा आंखुरोस. केलाइनाई म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं दिनार हे गाव. दोघांच्याही गोष्टी एकाच गावाला चिकटलेल्या आहेत, म्हणून त्यांच्या चिठ्ठ्यांवर गावाचं नाव ठळक लिहा. नात्यापेक्षा जागेची माहिती इथे जास्त भरवशाची आहे.

तीन प्रकारच्या रेघा

काळी अखंड रेघ: त्याच काळातल्या लेखात किंवा पत्रात स्पष्ट सांगितलेली गोष्ट. निळी तुटक रेघ: नाव माहीत असलेल्या लेखकाने नंतर सांगितलेली, रेघेवरच लेखकाचं नाव आणि वर्षांचं अंतर बारीक अक्षरात लिहा, उदाहरणार्थ 'हेरोडोटस, २७९'. तुटक रेघेचा तुकडा ५ मिलिमीटर आणि फट ३ मिलिमीटर ठेवली की लांबूनही ती तुटक दिसते. लाल ठिपक्यांची रेघ: देवदेवतांचा संबंध येतो ती. आजच्या अभ्यासकांनी बांधलेली जुळणी, जशी मिता म्हणजेच मिडास, ती रेघेने दाखवायची नाही; दोन नावांच्या मध्ये पेन्सिलीने '=' काढून त्यावर 'नाव, काळ आणि मुलूख जुळतो' असं कारण लिहायचं. ही जुळणी पक्क्या पायावर आहे आणि बहुतेक सगळे ती मानतात, पण ती जुळणी आहे, जुना पुरावा नव्हे.

चिठ्ठ्या जमिनीवर पसरून रेघा ठरवायला बसलात की एक गोष्ट दिसते आणि ती पाहून लोक गप्प होतात: काळ्या शाईची बाप-लेकाची एकही रेघ निघत नाही. असीरियन लेख मिताच्या बापाचं नाव देत नाहीत, आणि यझिलिकायाच्या लेखातही ते नाही. गोर्डियास हा बाप आपल्याला हेरोडोटसपासून मिळतो, म्हणजे निळ्या तुटक रेघेतच. इथे हात शिवशिवतो, 'एवढं तर सगळेच म्हणतात' म्हणून ती रेघ काळी करावीशी वाटते. करू नका. दहा लेखकांनी एकमेकांचं वाचून सांगितलेलं एकाच साक्षीदाराचं होतं, दहांचं होत नाही.

मिडास किती

आता पिढ्यांची कसोटी लावा. एका पिढीला २५ ते ३० वर्षं धरायची. इ.स.पू. ७०९ मध्ये राजा असलेल्या मिडासचा नातू क्रीससच्या काळात, म्हणजे ५५० च्या आसपास, तरणाताठा असेल का? आजोबा ते नातू दोन पिढ्या, म्हणजे ५० ते ६० वर्षं. प्रत्यक्ष अंतर १५९ वर्षांचं, जवळजवळ शंभर वर्षं जास्त. म्हणून अद्रास्तोसचा आजोबा मिडास वेगळा धरावा लागतो, सहाव्या शतकातला किंवा सातव्याच्या अखेरचा. एका घरात मिडास आणि गोर्डियास आलटून-पालटून येत असतील तर ते आपल्याला नवल वाटू नये. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत मराठवाड्यातल्या कुठल्याही वाड्यात आहे.

तिसरा मिता फार जुना. हित्ती राजवटीच्या, म्हणजे फ्रिजियनांआधी अनातोलियावर सत्ता असलेल्या साम्राज्याच्या, लेखांत पूर्व अनातोलियातल्या पह्हुवाचा मिता येतो, इ.स.पू. १४०० च्या आसपासचा. त्याला फ्रिजियाच्या झाडात बसवण्याचा मोह टाळा. तक्त्याच्या अगदी वर, सालांच्या पट्टीच्या बाहेर, चौकटीत लिहा आणि एकही रेघ जोडू नका. नावाचा ठसा त्या मुलखात किती खोल होता, एवढंच त्याचं काम.

त्यामुळे नावं लिहिताना क्रमांक द्या: मिडास १ (७१७ ते ७०९ मध्ये हयात), मिडास २ (अद्रास्तोसचा आजोबा), आणि कथेतला मिडास, ज्याला क्रमांकच नाही. सोन्याचा स्पर्श, गाढवाचे कान, पॅक्टोलस नदीतली आंघोळ हे सगळं त्या बिनक्रमांकाच्या मिडासखाली एका चौकटीत जाईल. शेवटची गोष्ट मात्र विचारपूर्वक बसवा. किमेरियन या उत्तरेकडून आलेल्या घोडेस्वार टोळ्यांच्या स्वारीच्या वेळी मिडासने बैलाचं रक्त पिऊन जीव दिला, असं ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो. युसेबिअस या ख्रिस्ती इतिहासकाराच्या कालगणनेत त्याच्या अंताचं साल इ.स.पू. ६९६ च्या आसपास येतं आणि त्याच्याआधीच्या आफ्रिकानसच्या हिशेबात ६७६. दोन्ही निळ्या तुटक रेघांनी मिडास १ ला जोडा आणि दोन्ही साली लिहा. वीस वर्षांच्या फरकातली सरासरी काढून ६८६ लिहू नका, ते कोणीच म्हटलेलं नाही.

सालांची पट्टी आणि तिची पहिली चूक

कार्डशीट उभी धरा. वरचे ८ सेंटिमीटर मथळ्याला, खालचे १८ खुणांच्या माहितीला आणि उशिराच्या लेखकांच्या चौकटीला. मधल्या ४५ सेंटिमीटरांत इ.स.पू. १२०० ते ३०० बसवा: १ सेंटिमीटर म्हणजे २० वर्षं. जागा काढायचं सूत्र सोपं, (१२०० - साल) ÷ २०. मुश्कीची पहिली नोंद १११५ च्या सुमाराची, ती वरून ४.२५ वर. क्रीससच्या काळचा अद्रास्तोस ३२.५ वर. हेरोडोटस ३८.५ वर. सिकंदर गोर्डियनला, फ्रिजियाच्या जुन्या राजधानीत, आला ते ३३३, म्हणजे ४३.३५ वर.

मग मिडासकडे वळलात की अडचण कळते. ७४० (गोर्डियनच्या मोठ्या टेकाडाचं साल, खाली येईल) येतं २३ वर, ७१७ येतं २४.१५ वर, ७०९ येतं २४.५५ वर, ६९६ येतं २५.२ वर. सगळा राजा अडीच सेंटिमीटरांत कोंबला जातो आणि अक्षरं एकमेकांवर चढतात. पट्टीचं माप बदलून हे सुटत नाही, कागद संपतो. उपाय वेगळा: बाजूला मोठी करून दाखवलेली खिडकी काढा, ७६० ते ६६०, १ सेंटिमीटरला ५ वर्षं, म्हणजे २० सेंटिमीटर उंच. तिच्यात ७४० चौथ्या सेंटिमीटरवर, ७१७ हे ८.६ वर, ७१५ नवव्यावर, ७०९ हे १०.२ वर, ६९६ हे १२.८ वर आणि ६७६ हे १६.८ वर येतं. मुख्य पट्टीवर २२ ते २७ सेंटिमीटरांना कंस करून दोन तिरक्या रेघांनी खिडकीला जोडा. नकाशातल्या शहराचा भाग मोठा करून दाखवतात तसं.

गोर्डियनच्या मोठ्या टेकाडाची जागा या खिडकीतच ठरते. आजचं यासिहोयुक, अंकाराच्या नैर्ऋत्येला. २०२३ मध्ये गोर्डियन जागतिक वारसा यादीत गेलं. तिथलं सुमारे ५३ मीटर उंच टेकाड १९५७ मध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञ रॉडनी यंग यांच्या मोहिमेने उघडलं. आत लाकडी खोली, साठी ओलांडलेल्या पुरुषाचा सांगाडा आणि दीडशेहून जास्त काशाची भांडी. बाहेर पाटी लागली 'मिडासचं टेकाड' आणि ती अजून लोकांच्या तोंडी आहे. खोलीच्या लाकडांच्या वर्षवलयांवरून ती झाडं इ.स.पू. ७४० च्या सुमारास तोडली गेली, आणि मिता ७०९ मध्ये जिवंत होता. म्हणजे आत झोपलेला तो नव्हे. त्याच्या आधीचा राजा, बहुधा बाप. खिडकीत चौथ्या सेंटिमीटरवर 'मोठं टेकाड, आतला पुरुष: नाव अज्ञात' असं लिहा. गोर्डियास हे नाव त्याच्यावर चिकटवायचं असेल तर पेन्सिलीच्या '=' ने.

असाच दुसरा सुधारलेला मुद्दा जळिताच्या थराचा. गोर्डियनच्या गढीतला जळालेला थर पूर्वी ७०० च्या किमेरियन स्वारीचा मानत. रेडिओकार्बन तारखांनंतर तो ८०० च्या आसपास सरकला. जुनी पुस्तकं हाताशी असतील तर त्यांत मिडासचा शेवट या थराशी बांधलेला दिसेल. ते उतरवू नका. मुख्य पट्टीवर थर २० व्या सेंटिमीटरवर येतो, मिडासच्या बऱ्याच वर.

नकाशा

दुसरी कार्डशीट आडवी धरा. ग्रीसचा उत्तर भाग ते वान सरोवर एवढा आराखडा ट्रेसिंग पेपरवरून उतरवा, १ सेंटिमीटर म्हणजे ५० किलोमीटर. आडवी रुंदी ३८ सेंटिमीटरांच्या आसपास येते, कडेला लेखकांच्या चौकटींना जागा उरते. बेर्मिओन, आजचा वेर्मिओ डोंगर, ते गोर्डियन सरळ रेषेत साधारण ८५० किलोमीटर, नकाशावर १७ सेंटिमीटर. हे अंतर डोळ्यांपुढे आणायचं तर देवगिरी ते मथुरा धरा, तेही सरळ रेषेत पावणेनऊशे किलोमीटरच्या आसपास आहे. आणि योगायोग असा की हेमाद्री यादवांचा प्रवास मथुरेहूनच सुरू करतो, मग द्वारका, मग दक्षिण. दोन्हीकडे राजघराणं आपलं मूळ दूरच्या, मानाच्या मुलखात सांगतं.

बाण चार काढायचे आहेत, आणि चारही एकमेकांपासून वेगळे दिसले पाहिजेत.

पहिला हेरोडोटसचा. मॅसिडोनियन सांगतात, हे लोक युरोपात आपल्या शेजारी राहत होते तेव्हा ब्रिगेस म्हणवत, आशियात गेल्यावर फ्रुगेस झाले. यात ना साल आहे, ना पुढारी. नावाचा बदल भाषेला धरून आहे: ग्रीक जिथे 'फ' म्हणत तिथे मॅसिडोनियन 'ब' म्हणत, जसं फेरेनिके आणि बेरेनिके. बाण निळा तुटक, वर 'साल नाही' असं लिहा. फ्रुगिया आणि फ्रिजिया यांतलं एक रूप निवडून तक्ताभर तेच ठेवा. दोन्ही आले की बघणारा ते दोन देश समजतो.

दुसरा लिडियाच्या झँथोस या इतिहासकाराचा, स्ट्रॅबोने सांगितलेला: ट्रॉयच्या युद्धानंतर युरोपातून आणि काळ्या समुद्राच्या डाव्या बाजूकडून, स्कामांद्रिओस या पुढाऱ्याच्या मागे. तिसरा कोनोन या ग्रीक लेखकाचा, रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळचा: मिडासने स्वतः आपल्या ब्रिगेसांना हेलेस्पाँट, म्हणजे आजची दार्दानेल्सची सामुद्रधुनी, ओलांडून वायव्य अनातोलियातल्या मिसियात नेलं. हा बाण काढताना पट्टीकडे नजर टाका. फ्रिजियन लोक मिडास १ च्या कितीतरी शतकं आधी अनातोलियात आहेत, म्हणून कोनोनचा मिडास म्हणजे पुन्हा तो बिनक्रमांकाचाच. बाणाच्या मुळाशी तसं लिहा.

चौथा बाण मातीचा आहे. हित्ती सत्ता इ.स.पू. ११८० च्या सुमारास कोसळली आणि पुढच्या शतकात गोर्डियनला चाकाऐवजी हाताने घडवलेली भांडी दिसू लागतात, बाल्कनातल्या भांड्यांशी नातं सांगणारी. फ्रिजियन भाषाही ग्रीकच्या जवळची आहे. हे दोन पुरावे हेरोडोटसच्या दिशेला बळ देतात. बाण काळा काढा, कारण भांडी त्याच काळातली आहेत, पण त्यावर 'भांडी' असं लिहा, 'राजा' नव्हे.

आता नकाशाच्या पूर्वेला या. असीरियाचा तिग्लथ-पिलेसर पहिला १११५ च्या सुमारास वीस हजार मुश्की आणि त्यांचे पाच राजे हरवल्याचं सांगतो, आणि ते लोक अल्झी आणि पुरुलुम्झी हा मुलूख पन्नास वर्षं धरून होते असंही. तो मुलूख गोर्डियनच्या पूर्वेला सहाशे किलोमीटरांहून लांब. हेच मुश्की पुढे मिताचे का? असीरियन दोघांना एकच नाव देतात. पण बाहेरचे लोक शेजाऱ्याला जे नाव देतात ते दर वेळी एकाच कुळाचं असतं असं नाही. पूर्वेला काळा ठिपका काढा, साल लिहा, आणि गोर्डियनकडे बाण काढू नका.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती सिलेनोसच्या, म्हणजे ग्रीक मद्यदेवाच्या म्हाताऱ्या सोबत्याच्या, झऱ्यावर. मिडासने दारू मिसळलेल्या पाण्याने सिलेनोसला पकडलं ती जागा हेरोडोटसकडे बेर्मिओनच्या बागांत आहे, झेनोफोनकडे फ्रिजियातल्या थिंब्रिओनला, पॉसेनिअसकडे अंकाराला. हे मिडासचे तीन मुक्काम नाहीत. लोक जिथे वसले तिथे ती गोष्ट त्यांच्याबरोबर गेली. आपल्याकडे गावोगावचं हेमाडपंती देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं असतं, म्हणून पांडव तेवढे फिरले असा नकाशा कोणी काढत नाही. झऱ्याची छोटी खूण तीनदा काढा आणि त्यांना जोडू नका.

उलट काही खुणा राजाचा प्रवास न सांगता मूळ गाव जपतात, त्या ओळखायला शिका. राष्ट्रकूट मान्यखेटाहून राज्य करत, पण 'लट्टलूरपुरवराधीश्वर' ही बिरुदावली त्यांच्या लेखांत मिरवत होती. ते लट्टलूर म्हणजे आपलं लातूर. मिडासच्या बाबतीत बेर्मिओनच्या बागा तशाच आहेत: फ्रिजियाचा राजा मॅसिडोनियात राहिला नसेल, पण त्याच्या नावाची बाग तिथे लोकांनी ठेवली.

गाठ

गोर्डियनची गाठ, म्हणजे त्या गाडीची कोणालाच न सुटणारी आणि शेवटी सिकंदराने मोकळी केलेली गाठ, तक्त्यावर असलीच पाहिजे, पण चित्र म्हणून चुकीची काढली जाते: सुती दोरखंडाचा मोठा गोळा. अरियनच्या सांगण्यानुसार ती गाडीच्या दांडीला जू बांधणारी होती आणि झाडाच्या सालीची होती. बैलगाडीचा नाडा आवळलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे एका नजरेत कळतं, टोकं आत दाबली की सुटायचं नाव नाही. सिकंदराने तलवारीने ती कापली असं बहुतेक सांगतात. सिकंदराबरोबर असलेला ऍरिस्टोब्युलस मात्र म्हणतो की त्याने दांडीतली खुंटी उपटली आणि जू मोकळं केलं. चित्रात दांडी, जू आणि मधली खुंटी दाखवा, म्हणजे दोन्ही मतं एकाच चित्रात मावतात. गाडी अरियनच्या मते मिडासने वाहिली. जस्टिनच्या बाजूने पाहिलं तर ती राजा गोर्डियासची. चित्राखाली दोन्ही नावं त्यांच्या लेखकांसह लिहा.

लावण्याआधी

पेन्सिलीचा सगळा आराखडा एक रात्र तसाच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ज्याने चिठ्ठ्या लिहिल्या नाहीत अशा माणसाला एकेका रेघेवर बोट ठेवायला सांगा. बोटाखालच्या रेघेचा साक्षीदार आणि वर्षांचं अंतर तुम्हाला लगेच सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर ती रेघ खोडायची. मगच शाई: आधी लाल ठिपके, मग निळ्या तुटक, काळी अगदी शेवटी, कारण काळी चुकली तर कागद फाडल्याशिवाय जात नाही. तक्ता गुंडाळताना लिहिलेली बाजू बाहेर ठेवा. आत ठेवली तर भिंतीवर लावल्यावर कडा पुढे वळून खालची चौकट झाकतात, आणि उशिराच्या लेखकांची नावं नेमकी तिथेच असतात.